कॉर्डलेस टूलची बॅटरी: निवड, दुरुस्ती आणि फेरफार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटर ठणठणीत, गिअर घट्ट, चक सरळ फिरतोय, आणि तरी ड्रिल कपाटात पडून, कारण बॅटरीत दम उरला नाही. कॉर्डलेस टूल बहुतेक वेळा असंच निवृत्त होतं. मग नवीन पॅक घ्यायचा, जुना उघडून सेल बदलायचे, की निकेल काढून लिथियम बसवायचं, असे प्रश्न सुरू होतात. खोक्यावर व्होल्ट आणि ॲम्पिअर-तास ठळक छापलेले असतात. पण टूल कसं चालेल हे बरंचसं न छापलेल्या एका आकड्यावर ठरतं: सेल एका वेळी किती करंट देऊ शकतो आणि तो देताना त्याचं व्होल्टेज किती खाली बसतं. खालची बरीच उत्तरं फिरून त्याच आकड्यापाशी येतात.

१८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स यांत नेमका फरक काय?

स्टिकरचा. दोन्हींत लिथियम-आयनचे पाच सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलचं सरासरी व्होल्टेज ३.६, म्हणून पाचांचे १८. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, म्हणजे पॅक २१ च्या आसपास. ट्रिगर दाबायच्या आधीचा हा आकडा धरून 'मॅक्स' लिहितात. १०.८ आणि १२ मॅक्सची गोष्टही हीच, फक्त तिथे सेल तीन. ३६ व्होल्टच्या पॅकमध्ये दहा सेल सिरीजमध्ये असतात आणि भरल्यावर तो ४२ दाखवतो.

जुन्या निकेल-कॅडमियमचा १८ व्होल्ट पॅक मात्र वेगळा प्राणी आहे. त्यात १.२ व्होल्टचे पंधरा सेल असतात आणि त्याचा चार्जर लिथियमला अजिबात चालत नाही. यावर पुढे सविस्तर येईलच.

जास्त ॲम्पिअर-तासाची बॅटरी लावली तर टूलची ताकद वाढते का? दुकानदार हो म्हणतो, मित्र नाही म्हणतो.

दोघंही अर्धे बरोबर आहेत. ॲम्पिअर-तास म्हणजे साठा. व्होल्टने गुणलं की वॉट-तास मिळतात: १८ व्होल्ट, ५ ॲम्पिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास. दोन वेगळ्या व्होल्टेजच्या बॅटऱ्यांची तुलना करायची तर याच आकड्यावर करा. १०.८ व्होल्ट, ४ ॲम्पिअर-तासाचा छोटा पॅक (४३ वॉट-तास) हा १८ व्होल्ट, २ ॲम्पिअर-तासाच्या पॅकपेक्षा (३६ वॉट-तास) जास्त वेळ काम करू शकतो, हे बऱ्याच जणांना पटत नाही.

साठा वाढला म्हणून ताकद वाढत नाही. पण साठा वाढवायला बहुतेक वेळा सेलची दुसरी रांग पॅरललमध्ये, म्हणजे पहिलीच्या बाजूला जोडलेली असते, आणि तिथे ताकदीचा संबंध येतो. एक उदाहरण घेऊ. सर्क्युलर सॉ जाड लाकडात शिरताना ४० ॲम्पिअर ओढतोय. पॅकमध्ये पाचच सेल असतील तर प्रत्येकातून पूर्ण ४० ॲम्पिअर जातात. सेलचा अंतर्गत रोध जोडांसकट २० मिलिओहम धरला, तर पाचांचा १०० मिलिओहम झाला, म्हणजे ४ व्होल्ट आतच पडले. मोटरपर्यंत १८ ऐवजी १४ पोचले. दहा सेलचा दोन रांगांचा पॅक असेल तर प्रत्येक सेलच्या वाट्याला २० ॲम्पिअर येतात, घट २ व्होल्टची होते आणि मोटरला १६ मिळतात. हा फरक हाताला कळतो. पाती अडखळत नाही.

उष्णतेचा हिशेब तर आणखी बोलका आहे. पहिल्या पॅकमध्ये प्रत्येक सेल ३२ वॉटने तापतोय, दुसऱ्यात ८ वॉटने. करंट निम्मा झाला की उष्णता पाव होते. मोठा पॅक जास्त वर्षं का टिकतो, याचं मोठं कारण हेच.

म्हणजे नेहमी मोठाच पॅक घ्यावा?

नाही. एका १८६५० सेलचं वजन ४५ ते ४८ ग्रॅम असतं, म्हणजे पाच सेल वाढले की मनगटावर जवळपास पाव किलो वाढलं. डोक्यावर हात करून छताला स्क्रू मारणाऱ्याला हे संध्याकाळी जाणवतं. स्क्रू, बिजागऱ्या, लहान भोकं यांना एका रांगेचा २ ॲम्पिअर-तासाचा पॅक पुरतो. ग्राइंडर, सर्क्युलर सॉ, ब्लोअर, मोठा रोटरी हॅमर यांना दोन रांगांचाच द्या. छोट्या पॅकवर ग्राइंडर चालतो खरा, पण दर दोन मिनिटांनी थांबतो आणि पॅक हातात धरवत नाही इतका तापतो.

१८६५० आणि २१७०० हे आकडे कसले?

सेलच्या मापाचे. पहिला १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, दुसरा २१ आणि ७०. जाड सेलमध्ये साठाही जास्त मावतो आणि करंटही जास्त निघतो. त्यामुळे २१७०० च्या एका रांगेचा ४ ॲम्पिअर-तासाचा पॅक जुन्या दोन रांगांच्या पॅकच्या जवळपास काम करतो आणि वजनाला हलका पडतो. आज नवीन घ्यायचा असेल तर माझं मत याच्या बाजूने आहे. अलीकडे चपट्या पाउच सेलचे पॅकही आले आहेत. तेही हलके आणि दमदार, पण ते घरी उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. पाउचला धातूचं कवच नसतं आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक आत शिरायला वेळ लागत नाही.

निकेल-कॅडमियमचं टूल अजून ठेवण्यात अर्थ आहे का?

टूल चांगलं असेल तर आहे. ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये निकेल-कॅडमियमवर चालणारं कॉर्डलेस ड्रिल आणलं आणि पुढची चाळीसेक वर्षं या रसायनाने मैदान गाजवलं. हा सेल दणकट आहे. थंडीत काम करतो, करंट भरपूर देतो, थोडीफार हयगय सहन करतो. दोष दोन: वजन, आणि कॅडमियम. हा धातू विषारी आहे. युरोपीय संघाने २०१६ अखेर कॉर्डलेस टूलसाठीही निकेल-कॅडमियमची विक्री बंद केली ती त्यामुळेच.

निकेल-मेटल हायड्राइडमध्ये त्याच मापात साठा जास्त, विषारी कॅडमियम नाही, पण उष्णता आणि जास्त चार्जिंग त्याला कमी सोसतं. लिथियम-आयन बाजारात आलं १९९१ मध्ये, सोनीमार्फत. टूलमध्ये ते रुळलं २००३ नंतर. हलकं, पडून राहिलं तरी फारसं उतरत नाही, मात्र चुकीला माफी नाही.

कुठल्या कंपनीचं टूल घ्यावं?

टूल बघून कंपनी ठरवू नका. बॅटरीचं घराणं बघून ठरवा. पहिल्या ड्रिलसोबत दोन पॅक आणि चार्जर आला की पुढची सगळी टूलं तुम्ही त्याच खाचेची घेणार, कारण नुसती बॉडी स्वस्त पडते. त्यामुळे तुम्हाला पुढे लागणारी टूलं त्या घराण्यात आहेत का, आणि कंपनी खाच बदलत तर नाही ना, हे आधी पाहा. र्‍योबीने १८ व्होल्टची वन प्लस खाच १९९६ पासून तशीच ठेवली. निकेलच्या काळातल्या टूलला आजचा लिथियम पॅक बसतो. डीवॉल्टने २०१६ मध्ये फ्लेक्सव्होल्ट आणलं. त्यातले पंधरा सेल २० व्होल्टच्या टूलमध्ये पाच-पाचच्या तीन रांगा होऊन बसतात आणि ६० व्होल्टच्या टूलमध्ये गेले की पंधराही एका ओळीत. जुन्या ग्राहकाला न सोडता पुढे जाण्याची ही उत्तम युक्ती होती.

मूळ पॅकच्या निम्म्या किमतीत 'कंपॅटिबल' पॅक मिळतो. घ्यावा का?

काही बरे असतात, बरेच नसतात, आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात. तीन गोष्टी तपासता येतात.

पहिली, वजन. मूळ पॅकइतकीच क्षमता लिहिलेली असून हा पॅक बराच हलका लागला, तर आत कमी क्षमतेचे सेल आहेत. सुट्या सेलचंही तसंच. '९९०० एमएएच' (हजार एमएएच म्हणजे एक ॲम्पिअर-तास) लिहिलेला १८६५० सेल दिसला तर तो तिथेच ठेवा. या मापाच्या चांगल्या सेलची झेप साडेतीन हजारांच्या आसपास असते. दुसरी, टर्मिनल. मूळ पॅकवर प्लस-मायनसशिवाय तापमानाची आणि ओळखीची पिन असते. स्वस्त पॅकमध्ये त्या पिनमागे कधीकधी खरा तापमान सेन्सर नसतो, साधा रेझिस्टर टाकलेला असतो, म्हणजे चार्जरला पॅक कायम गारच वाटतो. पॅक आतून उकळला तरी चार्जर थांबणार नाही. तिसरी, काम. ड्रिलवर छान चालणारा पॅक ग्राइंडरवर अर्ध्या मिनिटात बंद पडला, तर सेल साठ्याचे आहेत, करंटचे नाहीत.

पहिल्या काही वेळा असा पॅक तुमच्या डोळ्यांदेखत चार्ज करा. रात्री लावून झोपू नका.

निकेलच्या बॅटरीला 'मेमरी' असते म्हणून ती पूर्ण उतरवूनच चार्ज करायची, हे खरं का?

या समजुतीने मेमरीपेक्षा जास्त पॅक मारले असतील. खरा मेमरी इफेक्ट दररोज अगदी ठरावीक खोलीपर्यंतच उतरवलेल्या सेलमध्ये दिसतो. टूल वापरणाऱ्याचं काम इतकं नेमकं कधीच नसतं. टूलमध्ये दिसणारी घट बहुतेक वेळा जास्त चार्जिंगमुळे, उष्णतेमुळे किंवा सेलच्या आत स्फटिक वाढल्यामुळे आलेली असते.

आणि पॅक पूर्ण उतरवणं धोक्याचं का, तर सगळे सेल एकदम रिकामे होत नाहीत. सर्वांत कमजोर सेल आधी शून्यावर येतो. बाकीचे त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि तो उलटा चार्ज होऊ लागतो. ट्रिगरला रबर बांधून ड्रिल पूर्ण थांबेपर्यंत फिरवत ठेवण्याचा उपाय कोणी सांगितला तर हात जोडा. टूल मंद झालं की थांबा आणि चार्जला लावा, एवढंच पाळायचं.

थकलेल्या निकेल-कॅडमियम पॅकला एक सौम्य उपाय मात्र खरोखर लागू पडतो: क्षमतेच्या एक दशांश करंटने १४ ते १६ तास चार्जिंग. म्हणजे २ ॲम्पिअर-तासाच्या पॅकला ०.२ ॲम्पिअर. आधी भरलेले सेल इतक्या कमी करंटचा जादा चार्ज उष्णता करून सोडून देतात आणि मागे राहिलेले त्यांना गाठतात. दोन-तीनदा केल्यावर पॅकमध्ये थोडा जीव येतो. आला नाही, तर सेल बदलायची वेळ झाली.

शॉर्ट झालेल्या सेलला मोठ्या करंटचा झटका देऊन जिवंत करतात म्हणे?

निकेल-कॅडमियममध्ये दोन पट्ट्यांच्या मधे धातूचा बारीक तंतू वाढून सेल आतून शॉर्ट होतो. झटक्याने तो तंतू जळतो आणि सेल पुन्हा व्होल्टेज दाखवतो. पण ज्या पडद्यातून तो वाढला ते भोक तिथेच राहतं. हे आजचं मरण उद्यावर ढकलणं आहे. लिथियमवर हा प्रयोग कधीच करायचा नाही.

पॅकमधला खराब सेल कसा शोधायचा?

पॅक पूर्ण चार्ज करा, तासभर ठेवा, मग उघडा. स्क्रू बहुतेक वेळा टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीच्या खाचेचे असतात, एखादा स्टिकरखाली लपलेला असतो. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. उघडा पॅक म्हणजे विझवता न येणारा करंटचा स्रोत आहे, त्याला स्विच नसतो.

आधी नुसतं बघा. निकेलच्या सेलच्या प्लस टोकाच्या कडेला पांढरी, किंचित निळसर भुकटी जमली असेल तर तिथून इलेक्ट्रोलाइट झिरपलेला आहे. तो क्षार आहे, कातडीला लागू देऊ नका. लिथियमच्या पॅकमधून नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला तर पुढे काही मोजू नका, पॅक घराबाहेर उघड्यावर नेऊन ठेवा.

मग मल्टिमीटर. विनालोडचं व्होल्टेज फसवं असतं. मेलेला सेलही विश्रांतीनंतर बरा आकडा दाखवतो. म्हणून लोड देऊन मोजा: पॅक टूलला जोडलेला ठेवता येत असेल तर ट्रिगर हलका दाबून, नाहीतर १२ व्होल्टच्या गाडीच्या दिव्यासारखा भार लावून (१८ व्होल्टच्या पॅकला असे दोन दिवे सिरीजमध्ये). प्रोब एकेका सेलच्या पट्ट्यांवर टेकवत जा. निकेलमध्ये बाकीचे १.२ च्या आसपास आणि एक ०.४ वर, किंवा आकड्यापुढे चक्क उणे चिन्ह, असं दिसलं की गुन्हेगार सापडला. लिथियममध्ये चार सेल ३.९ वर आणि पाचवा ३.२ वर हे नेहमीचं चित्र आहे.

मग तेवढा एकच सेल बदलला तर?

चालेल, थोडे दिवस. जुन्यांमध्ये नवा सेल टाकला की बाकीच्यांपैकी सर्वांत थकलेला पुढचा बळी ठरतो, आणि तुम्ही पुन्हा तेच स्क्रू काढत बसता. तोच पॅक वापराअभावी उतरला असेल आणि बाकी सेल जवळपास नवे असतील तर अपवाद करा. एरवी सगळे सेल एकाच वेळी, एकाच बनावटीचे, एकाच बॅचचे बदला. जोडण्याआधी सगळ्यांचं व्होल्टेज मोजून घ्या. पॅरललमध्ये जाणाऱ्या लिथियम सेलमध्ये फरक असेल तर जोडताक्षणी एकातून दुसऱ्यात मोठा करंट धावतो.

निकेल-कॅडमियमच्या पॅकचे सेल घरी बदलता येतात का?

पहिल्यांदा हात घालायचा तर याच कामाला घाला. टूलमध्ये जे सेल असतात त्या मापाला सब-सी म्हणतात: साधारण २२ ते २३ मिलिमीटर व्यास आणि ४३ मिलिमीटर उंची. ९.६ व्होल्टला आठ, १२ ला दहा, १४.४ ला बारा. सेल मागवताना टॅब लावलेले मागवा, म्हणजे पत्रा पत्र्याला डाग देऊन जोडता येतो आणि सेलच्या अंगाला सोल्डरची तापलेली इस्त्री लागत नाही. काही पॅकमध्ये एखादा बुटका सेल असतो किंवा वर निघालेल्या मानेत एक उभा सेल असतो. म्हणून मागवण्याआधी सगळ्यांची उंची मोजा.

उघडल्या उघडल्या मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. कुठला सेल उलटा, कुठला सुलटा, सेन्सर कुठल्या दोन सेलच्या फटीत खोचलेला, हे नंतर आठवत नाही. तो सेन्सर, म्हणजे बारीक वायरींचा मण्याएवढा थर्मिस्टर, जुन्या पॅकमधून काढून नव्यात त्याच जागी, सेलच्या अंगाला चिकटवून बसवा. चार्जर त्याच्यावरच विसंबून असतो. प्लस टोकांवर कागदी वॉशर विसरू नका.

निकेल-कॅडमियमच्या जागी निकेल-मेटल हायड्राइड टाकायचं असेल तर चार्जर बघा. भरत आल्यावर निकेल सेलचं व्होल्टेज किंचित खाली येतं आणि चांगला चार्जर तो उतार पकडून थांबतो. हायड्राइडमध्ये हा उतार फारच पुसट असतो. जुना चार्जर तो हुकवतो आणि सेल शिजवत राहतो. तापमान पाहून थांबणारा चार्जर असेल तर निभावतं. नुसत्या टायमरवर चालणारा असेल तर पुन्हा कॅडमियमच घाला.

सेलला थेट सोल्डर केलं तर काय बिघडतं?

आतला प्लॅस्टिकचा पातळ पडदा. इस्त्रीची उष्णता सेलच्या टोकातून आत जाते, पडदा आक्रसतो आणि नुकसान बाहेरून दिसत नाही. निकेलचा सेल एकवेळ सोसतो, लिथियमवर हा जुगार नको. कारखान्यात स्पॉट वेल्डिंग करतात: क्षणभर प्रचंड करंट, एक टिंब वितळतं, बाकी सेल गारच राहतो. वेल्ड झालेली पट्टी पक्कडीने ओढून बघा. पट्टी फाटली पण टिंब सेलवर राहिलं, तर वेल्ड पक्का.

पट्टी शुद्ध निकेलची घ्या. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी बेधडक शुद्ध म्हणून विकतात. तुकडा कानशीने घासून मिठाच्या पाण्यात ठेवा. एक-दोन दिवसांत गंज चढला तर लोखंड. चुंबक लावून उपयोग नाही, निकेलही चुंबकाला चिकटतं. आणि शुद्ध असली तरी जाडीचा हिशेब आहेच: ०.१५ मिलिमीटर जाड, ८ मिलिमीटर रुंद पट्टीच्या दहा सेंटिमीटरचा रोध सुमारे ६ मिलिओहम भरतो. ४० ॲम्पिअर ओढणाऱ्या टूलमध्ये तेवढ्या तुकड्यात जवळपास १० वॉट जळतात. म्हणून मुख्य जोडांना दोन थर द्या किंवा टर्मिनलपर्यंत जाड तांब्याची वायर न्या.

जुनं निकेलचं ड्रिल लिथियमवर कसं न्यायचं?

व्होल्टेज जुळवणं हा सोपा भाग आहे. १४.४ व्होल्टच्या ड्रिलला चार लिथियम सेल अगदी चपखल: सरासरी १४.४, भरल्यावर १६.८, आणि नुकते भरलेले बारा निकेल सेलही १७ च्या आसपासच असतात. १८ ला पाच. १२ ला तीन घेतले तर किंचित कमी पडतात, चार घेतले तर बरेच जास्त. तिथे लिथियम आयर्न फॉस्फेट कामाला येतं. त्याचा सेल ३.२ व्होल्टचा आणि भरल्यावर ३.६५, त्यामुळे चार मिळून १२.८ आणि भरल्यावर १४.६, म्हणजे दहा निकेल सेलची जवळपास नक्कल. ९.६ ला असे तीन घेतले की गणित काट्यावर येतं. शिवाय हे रसायन लिथियममधलं सगळ्यात शांत स्वभावाचं. त्याच मापात साठा कमी मिळतो, ही त्याची किंमत.

अवघड भाग तीन आहेत. एक, जुना चार्जर. तो व्होल्टेजच्या उताराची वाट बघतो आणि लिथियममध्ये तो उतार येतच नाही, व्होल्टेज चढतच राहतं. त्याचा शेवट आगीत होतो. लिथियमला आधी स्थिर करंट आणि मग स्थिर व्होल्टेज देणारा, सेलच्या संख्येला जुळणारा चार्जर लागतो. जुना चार्जर घरातून हलवा, नाहीतर कुणीतरी खाच बसते म्हणून पॅक त्यात ठेवेलच. दोन, संरक्षण. जुन्या टूलला लिथियम कधी थांबवायचं हे माहीत नसतं, म्हणून प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं बीएमएस सर्किट हवंच. तीन, त्या सर्किटची करंट झेपण्याची ताकद. भोकात अडकलेली मोटर क्षणभर ५० ॲम्पिअरच्या वरही जाते. २० ॲम्पिअरचं बीएमएस घातलं तर ड्रिल प्रत्येक अडथळ्याला मान टाकेल. मग लोक वैतागून बीएमएस बायपास करतात, आणि तिथून गोष्ट बिघडते.

सेल, बीएमएस, चार्जर, वेल्डर हे सगळं जमवल्यावर हिशेब बघा. साध्या ड्रिलसाठी ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ठरतो. आज न मिळणाऱ्या किंवा हातात फार छान बसलेल्या टूलसाठीच हा खटाटोप करावा असं मला वाटतं.

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल वापरू का? माप तर तेच आहे.

माप तेच, जात वेगळी. लॅपटॉपचा सेल तासन्‌तास थोडं थोडं देण्यासाठी बनवलेला असतो. सॅमसंगचा ३५ई सेल ३.५ ॲम्पिअर-तासाचा, पण सलग ८ ॲम्पिअरच देतो. त्याच कंपनीचा २५आर फक्त २.५ ॲम्पिअर-तासाचा, पण २० देतो. टूलला दुसरा लागतो. त्यातून लॅपटॉपमधले सेल आधीच चार-पाच वर्षं खपलेले. टॉर्चमध्ये वापरा, ड्रिलमध्ये नको.

जास्त व्होल्टेज दिलं तर ड्रिल जोरात चालेल ना?

ब्रशची मोटर चालेल, आणि मोटर जाम झाल्यावर करंटही त्याच प्रमाणात वाढेल. आधी ट्रिगरमधला स्पीड कंट्रोल जातो, मग ब्रश ठिणग्या टाकू लागतात, आणि गिअर प्लॅस्टिकचे असतील तर दाते. ब्रशलेस टूल तर बहुधा सुरूच होणार नाही. आतलं सर्किट जादा व्होल्टेज पाहून नकार देतं.

बॅटरी टाकून देऊन ड्रिलला वायर जोडली आणि बाहेरच्या मोठ्या बॅटरीवर चालवलं तर?

बाकावर बसून काम करणाऱ्याला ही युक्ती छान आहे, पण वायरीवर सगळे घसरतात. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, लांबी तीन मीटर, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर: रोध ४१ मिलिओहम. ३० ॲम्पिअरला सव्वा व्होल्ट वायरीतच गेला. १२ व्होल्टच्या टूलमध्ये तो लगेच कळतो. त्यामुळे वायर जाड आणि आखूड ठेवा, आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसला अगदी खेटून लावा. साधा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर याला पुरत नाही. ट्रिगर दाबला की तो बंद पडतो.

एका कंपनीचा पॅक दुसऱ्या कंपनीच्या टूलला लावणारा ॲडॉप्टर मिळतो. सुरक्षित आहे का?

व्होल्टेज तेच असेल तर टूल चालतं. प्रश्न थांबण्याचा आहे. काही कंपन्या 'बॅटरी संपली, थांब' हे सर्किट पॅकमध्ये ठेवतात, काही टूलमध्ये. पॅकवाली व्यवस्था नसलेली बॅटरी भलत्या टूलला लावली तर ती तळापर्यंत उतरते आणि पुन्हा चार्ज होत नाही. टूल मंद वाटलं की स्वतःहून थांबायची सवय असेल तरच ॲडॉप्टर घ्या. आणि काम झालं की पॅक त्यावरून काढा. काही ॲडॉप्टरमधली सर्किटं बंद टूलवरही बॅटरी हळूहळू पीत राहतात.

लिथियम पॅक चार्जरवर ठेवला की लाल दिवा लुकलुकतो. दुसऱ्या पॅकने 'जंप' द्यावा का?

आधी पॅक खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गरम पॅकलाही चार्जर असाच नकार देतो, आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. टर्मिनल कोरड्या कापडाने पुसा.

तरीही नकार आला तर आतले सेल मोजा. सगळे सेल सारखे आणि २.५ व्होल्टच्या जरा खाली असतील, आणि हे नुकतंच घडलं असेल, तर क्षमतेच्या एक दशांश किंवा त्याहून कमी करंटने, समोर बसून, ३ व्होल्टपर्यंत आणता येतात. एखादा सेल २ च्या खाली महिनोन्‌महिने पडून राहिला असेल तर सोडून द्या. इतक्या खाली तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढच्या चार्जला ते तांबं नको तिथे जाऊन बसतं. भरल्या पॅकने थेट जंप देण्यात करंटवर कुठलाच ताबा नसतो. चार्जरने 'नाही' म्हटलंय ते बहुतेक वेळा कारण असल्यामुळेच.

वापर नसताना बॅटरी कशी ठेवावी?

लिथियम अर्धी भरलेली, टूलमधून काढून, गार जागी. पूर्ण भरून उन्हात तापलेल्या गाडीत ठेवणं हा तिला म्हातारं करायचा सर्वांत वेगवान मार्ग. शून्य अंशाखाली चार्ज करू नका. टूल अशा थंडीत वापरता येतं, पण चार्ज करताना लिथियम धातू होऊन पट्टीवर साचतं आणि ते परत निघत नाही. निकेलचे पॅक पडून असतानाच उतरतात, जुने हायड्राइड तर महिन्याला पाव हिस्सादेखील. त्यामुळे ते कामाच्या आदल्या रात्री चार्जला लावा.

पॅक फुगला किंवा धूर येऊ लागला तर?

फुगलेला पॅक दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. धूर सुरू झाला तर माणसांनी आधी बाहेर पडायचं. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. पॅक आधीच उघड्यावर असेल तर लांबून भरपूर पाणी मारा. पाण्याने सेल गार होतात आणि आग शेजारच्या सेलकडे सरकणं मंदावतं. विझल्यासारखा दिसलेला पॅक तासाभराने पुन्हा पेटू शकतो, म्हणून तो लगेच घरात आणू नका.

जुने पॅक कुठे टाकायचे?

घरच्या कचऱ्यात नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबले गेलेले लिथियम सेल पेट घेतात, आणि कॅडमियम मातीत जातं. टर्मिनलवर चिकटपट्टी लावा आणि बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात किंवा परत घेणाऱ्या विक्रेत्याकडे द्या. सेल स्वतः कापून बघू नका.

विमानातून नेता येतात का?

सुटे लिथियम पॅक चेक-इन सामानात चालत नाहीत, फक्त हातातल्या बॅगेत. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही, म्हणजे १८ व्होल्ट, ५ ॲम्पिअर-तासाचा पॅक बसतो. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते आणि दोनच नेता येतात. त्यावरचे प्रवासी सामानात चालत नाहीत. टूल मात्र उलट, ते चेक-इनमध्येच टाका. प्रत्येक पॅकच्या टर्मिनलवर टेप लावा, आणि वॉट-तासांचं स्टिकर खरवडून गेलं असेल तर तो पॅक घरीच ठेवा, तपासणीला आकडा दाखवता आला नाही की तो तिथेच काढून घेतात.